येतो म्हणून निघा

सुभद्राबाईंच्या दारावर पाटी नव्हती. लॉज, बोर्डिंग, उतारूंची सोय, असलं काहीही कुठे लिहिलेलं नव्हतं. तरी भाऊच्या धक्क्यावर बोटीतून उतरलेला माणूस विचारत विचारत गिरगावात आमच्या जिन्यापर्यंत बरोबर पोचायचा. खांद्यावर वळकटी दिसली की तळमजल्यावरचा शिंपी मशीन न थांबवता सांगायचा, "तिसरा मजला, डावीकडे. वहाणा हातात घ्या, नाहीतर बाई बोलतील."

बाई बोलायच्याच. वहाणा हातात घेतल्या तरी बोलायच्या.

मी समोरच्या खोलीत राहत होते आणि कॉलेजात जात होते. त्यांच्या आणि आमच्या दारांमध्ये फक्त गॅलरी. त्यामुळे त्यांच्याकडे कोण आलं, कोण गेलं, कोणी आंघोळीला दुसरी बादली मागितली, हे मला अभ्यासापेक्षा जास्त पाठ होतं. आता त्या चाळीच्या जागी काहीतरी काचेचं उभं आहे, आणि नातवंडांच्या वयाची मुलं मला विचारतात की त्या काळी परगावच्या फाटक्या माणसाला मुंबईत कोण ठेवून घ्यायचं. सुभद्राबाई ठेवून घ्यायच्या. आणखी कोणी असतील, तर त्यांच्याबद्दल दुसऱ्या कोणीतरी लिहावं.

बाई मूळच्या देवगडकडच्या. नवरा छापखान्यात कंपोझिटर होता, छातीच्या दुखण्यानं गेला. मूलबाळ नाही. दिवस झाल्यावर चिंचपोकळीचा दीर न्यायला आला. म्हणाला, "वहिनी, आमच्याकडे चला. एका कोपऱ्यात बसून राहा, दोन घास खा."

"बसान ऱ्हवू?" बाई म्हणाल्या. "माका बसूक येत नाय रे."

हे अगदी खरं होतं. मी त्यांना बसलेलं पाहिलेलं नाही. जेवायच्या उभ्यानं, एक पाय उंबऱ्यावर ठेवून. तांदूळ निवडायच्या गॅलरीत येरझाऱ्या घालत. खडे खाली शिंप्याच्या छपरावर पडायचे आणि तो खालून बोंब मारायचा. त्याच महिन्यात नवऱ्याच्या गावचा एक जण नोकरीच्या मुलाखतीला आला. लालबागला त्याच्या गाववाल्यांच्या खोलीत माणसं पाळीपाळीनं झोपत होती, म्हणून तो इकडे आला. त्यानं दुसऱ्याला सांगितलं. वर्षभरात अशी माणसं यायला लागली की ज्यांना देवगड कुठे आहे हेही माहीत नव्हतं. मुलाखतीवाले, चित्रकलेच्या परीक्षेला आलेले, बोट पकडायची आहे पण बोट उद्या आहे असे. नांदेडचा एक जण तर नुसता समुद्र बघायला आला होता. त्यानं समुद्र बघितला, "बराच आहे" म्हणाला, आणि गेला.

दोन खोल्या आणि गॅलरीचा तुकडा. वळकटी भिंतीकडे ठेवायची, चालण्याच्या वाटेत नाही. आपलं ताट आपण घासायचं. भांडायचं असेल तर चौपाटीवर जाऊन भांडायचं. स्वस्त इतकं, की लोकांना वाटायचं बाईंचा काहीतरी दुसरा धंदा असावा. आणि शेवटचा नियम, ज्याच्यासाठी मी हे लिहायला घेतलं: निघताना 'जातो' म्हणायचं नाही.

कुठल्याच मराठी घरात म्हणत नाहीत, हे मलाही माहीत आहे. पण इतर घरांत चुकून कोणी म्हणालं तर म्हातारी माणसं 'असं म्हणू नये' पुटपुटतात आणि विषय संपतो. सुभद्राबाईंकडे संपत नसे. पाहुण्यानं 'येतो' म्हणायचं, त्यांनी 'या' म्हणायचं, मगच जिना उतरायचा. नागपूरचा एक विमा एजंट घाईत "चला, जातो बाई" म्हणून सटकला. बाईंनी गॅलरीतून अशा हाका मारल्या की तो नाक्यावरून धावत परत आला. त्याला वाटलं, पाकीट राहिलं. बाईंनी फक्त शब्द बदलून घेतला. त्याची ट्राम गेली. "जाऊ दे," बाई म्हणाल्या, "ट्राम येते म्हणत नाही, तरी दुसरी येतेच."

ही वर्षं संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याची. ज्यांनी ती नुसती वाचली आहेत त्यांना सगळं घोषणा आणि झेंडे असं वाटतं. राहणाऱ्याला तसं नव्हतं. सकाळी दूध येईल का, हे माहीत नसायचं. कॉलेजला निघावं आणि नाक्यावरूनच परत फिरावं. अश्रुधुरानं डोळे चुरचुरत असताना पोळ्या लाटाव्यात. कोणाचा मुलगा अजून घरी आला नाही म्हणून अख्खी गॅलरी कठड्याला टेकून उभी. कोणाचं मन कशात लागत नव्हतं. आम्ही सगळे चार वर्षं एका पायावर उभे होतो. सुभद्राबाई जन्मभर तशाच उभ्या होत्या, म्हणून की काय, त्यांना तो काळ मानवला. सभेला आलेली, मोर्चाला आलेली, भाकऱ्या बांधून निघालेली सातारा-बेळगावची माणसं त्यांच्याकडे उतरत. सुरतेचा एक कापडाचे नमुने विकणारा गुजराती तरुणही उतरे. गल्लीतल्या पोरांनी विचारलं, "मावशी, त्याला कशाला ठेवता?" तर म्हणाल्या, "त्याची वळकटी तुमच्यापेक्षा नीट बांधलेली असते."

आमचे घरमालक राजारामराव मानकर पहिल्या मजल्यावर राहत. सज्जन माणूस, चांगलं शिकलेला. गल्लीच्या समितीचे तेच पुढारी. नाक्यावर खुर्ची मांडून तिच्यावर उभे राहत आणि भाषण करत. भाषण कुठूनही सुरू होवो, शेवट ठरलेला: "मराठी माणसा, बोललेला शब्द खाली पडू देऊ नकोस!" टाळ्या पडत. खुर्ची डुगडुगे. त्यांची बायको कमळाबाई खिडकीतून ती खुर्ची बघत असे, भाषण नाही.

सत्तावन्न सालच्या पावसाळ्यानंतर खोताच्या वाडीतल्या एका ख्रिस्ती कुटुंबानं बाईंकडे एक जर्मन पोरगा पाठवला. जग बघायला निघालेला, पाठीवर दोन पट्ट्यांनी अडकवलेली पिशवी, खोगीरच म्हणा. "हा वळकटी उभी बांधतो," बाई कौतुकानं म्हणाल्या. नाव विचारलं तर म्हणाला, "उवे."

"उवा?" बाईंनी कपाळावर हात मारला. "शी! ह्या काय माणसाचा नाव? मालन, त्याला सांग, आजपासून तू गुणाजी."

मालन म्हणजे मी. मी सांगितलं. त्याला नाव आवडलं. आठवडाभर राहिला, बांगड्याचं तिखलं डोळे पुसत पुसत खाल्लं, बाईंच्या 'ये जेवायला', 'ये इकडे' ह्यातून 'ये' म्हणजे काय ते शिकला. निघायच्या दिवशी खोगीर चढवलं आणि कुठून तरी उचललेल्या हिंदीत म्हणाला, "मैं जाता."

"जातो नाही! येतो म्हण."

"येतो," गुणाजी म्हणाला.

"ये!" बाई म्हणाल्या.

तो दोन पायऱ्या उतरला होता. थांबला. परत वर आला. बूट काढले, खोगीर भिंतीकडे ठेवलं, बसला. बाईंना वाटलं, काहीतरी विसरला असेल. थोड्या वेळानं तो उठला. "येतो." "ये, ये!" पुन्हा परत. पुन्हा बूट काढले. तिसऱ्या वेळी अख्खी गॅलरी बाहेर आली होती आणि बाईंनी कंटाळून त्याच्यापुढे ताट ठेवलं होतं. "जेव मरे आता. तुझ्या मनात जाणंच नाही."

मग मी त्याला इंग्रजीत समजावलं, की आमच्यात जायचं असलं की येतो म्हणतात. तो म्हणाला, मग खरोखर परत यावं असं वाटलं तर ही काय म्हणते? मी म्हटलं, तेच. मग कळायचं कसं?

मी बाईंना विचारलं. त्या घटकाभर थांबल्या, हे मला आठवतं, कारण त्या कधी थांबत नसत. "ज्याला यायचं तो येतो," त्या म्हणाल्या. "पण शब्दाला शब्दासारखा धरणारा हा एकटाच भेटला हां!"

दोन महिन्यांनी तो औरंगाबादेहून वाळून काटकी होऊन परत आला, वहाणा हातात, आणि दारात म्हणाला, "आलो." बाईंनी ते पुढची कित्येक वर्षं प्रत्येकाला सांगितलं.

त्याच डिसेंबरात अकोल्याकडचे एक शाळामास्तर आले. कोंडीराम त्यांचं नाव. बरोबर बायको कौसल्या आणि म्हातारी आई. बाबासाहेबांना जाऊन वर्ष झालं होतं, म्हणून दादरला आलेले. परळच्या नातेवाइकांकडे जिन्यापर्यंत माणसं झोपली होती. कोणीतरी आमचा पत्ता दिला. मास्तर दाराबाहेरच उभे राहिले. "बाई, आम्ही बौद्ध आहोत. आधी सांगतो, मागून बोलणं नको."

"आधी वहाणा काढा," बाई म्हणाल्या. "जिना आत्ता पुसलाय."

सकाळी कौसल्या नळावर कळशी घेऊन गेली आणि व्हायचं ते झालं. गंगुबाई, आमच्याच मजल्यावरची, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "सुभद्राबाई, नळ सगळ्यांचा आहे हं."

"सगळ्यांचा आहे म्हणूनच ती भरतेय."

"आमच्याकडे देवधर्म आहे."

"मग लवकर उठून भरत जा. देव काय साडेसातपर्यंत लोळतो?"

कौसल्येनं दोघींकडे बघितलं, कळशी शांतपणे काठोकाठ भरली आणि म्हणाली, "झालं माझं. आता ज्यांचा देव खोळंबलाय त्यांनी यावं." मी तिच्यावर तिथेच खूश झाले.

मास्तर निघताना "येतो" म्हणाले आणि दर डिसेंबरात आले. गंगुबाई आणि आणखी एक शेजारीण मात्र राजारामरावांकडे गेल्या. राजारामरावांनी जातीचा शब्द काढला नाही. त्यांना तो शोभला नसता. त्यांनी एवढंच विचारलं, "पण इतकी माणसं येतात तरी कोण?" त्यांच्या जावयाला गिरगावात जागा हवीच होती. तो प्रश्न वकिलाकडे गेला आणि कागदावर उतरला तेव्हा त्याचा शब्द झाला: पोटभाडेकरू. ठेवले म्हणून जागा खाली करा. नळाचं नाव त्यात कुठेच नव्हतं. अशा गोष्टी कागदावर येत नाहीत.

मी नोटीस वाचून दाखवली. बाई पीठ मळत होत्या, उभ्यानं.

"पोटभाडेकरू? माझ्या पोटी एक झालं नाही, आणि सरकारदरबारी एवढे!" हसल्या, आणि पीठ एवढं तिंबलं की त्याच्या पोळ्या दगडासारख्या झाल्या.

दोन वर्षं स्मॉल कॉज कोर्टात तारखा पडल्या. बाईंना कोर्टाची भीती वाटली नाही, तिथे बाकावर बसावं लागतं त्याचा वैताग आला. वकील सांगे, "सगळे भाचे आहेत म्हणा."

"कोंडीराममास्तरांची आई माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी. तिला भाची म्हणू?"

साक्षीत विचारलं, हे लोक तुमचे कोण? "वळकटीवाले." नातं काय? "येतात." पैसे घेता? "न घेता जेवू घालायला मी काय संस्थान आहे?" कोर्ट हसलं, आणि निकाल विरुद्ध गेला. कायद्याप्रमाणे बरोबरच होता. उगाच राजारामरावांना राक्षस करण्यात अर्थ नाही. पण बाईंना स्वतःच्या छपराची चिंता नव्हती. दिराकडे कोपरा होता. चिंचपोकळीच्या त्या कोपऱ्यात आधीच पाच माणसं होती, बाई सहाव्या, त्यात परक्याची वळकटी मावणार नव्हती. आम्ही म्हटलं, आमच्याकडे राहा. म्हणाल्या, "मी राहीन गो. पण बोटीतून उतरलेला इथवर येईल, त्याला काय सांगू?" ती एकच गोष्ट त्या दर तासाला बोलत, चालता चालता.

ताबा द्यायची तारीख एप्रिल साठच्या शेवटी आली. महाराष्ट्र मिळाल्यातच जमा होता. गल्लीत दिव्यांच्या माळा चढत होत्या, पताका कापणं चाललं होतं, मुलं ओरडत होती. तिसऱ्या मजल्यावर राजारामराव नवं धोतर नेसून आणि खाली मान घालून कोर्टाच्या बेलिफाबरोबर उभे. बाईंनी सकाळपासून सामान बांधून, सोडून, पुन्हा बांधून संपवलं होतं. हमालानं ट्रंक डोक्यावर घेतली. बाईंनी कुलूप लावलं, किल्ली राजारामरावांच्या तळहातावर ठेवली, पदर सारखा केला.

"बराय राजारामराव. येते हं."

"या," राजारामराव म्हणाले.

दुसरं काय म्हणणार? चांगल्या घरातला माणूस. लहानपणापासून दारात निघालेल्या बाईला जे म्हणायचं ते त्यांच्या तोंडून आपोआप गेलं.

बाई तीन जिने उतरल्या. आम्ही सगळे कठड्याला. अंगणात पोचल्या आणि हमालाला म्हणाल्या, "थांब रे." मान वर केली. "राजारामराव, काय म्हणालात?"

"अहो, या म्हटलं!" त्यांना वाटलं, बाईंना ऐकू गेलं नाही. मोठ्यानं म्हणाले. भाषणाचा गळा, नाक्यापर्यंत गेलं.

"बरं," बाई म्हणाल्या, आणि जिना चढायला लागल्या. मागून ट्रंक.

मला तेव्हाच गुणाजी आठवला आणि मी पदर तोंडात कोंबला. बाई वर आल्या, वहाणा काढून हातात घेतल्या, राजारामरावांसमोर उभ्या राहिल्या. "आले."

"हे काय?"

"तुम्ही या म्हणालात. दोनदा."

"अहो सुभद्राबाई, ती बोलायची रीत झाली!"

"रीत? चार वर्षं खुर्चीवर चढून कोण सांगत होतं, बोललेला शब्द खाली पडू देऊ नका? मी वरच्या वर झेलला. आता टाकू म्हणता?"

राजारामरावांनी गॅलरीकडे बघितलं. गॅलरीत कोणी त्यांच्या बाजूचं असेल तर ती गंगुबाई. तिच्याकडे बघितलं. गंगुबाईनं नाक पुसलं. "म्हणालात खरं, भाऊ. मी ऐकलं की."

"बेलिफ, तुम्ही तरी सांगा."

बेलिफ कागद घडी करत होता. "साहेब, कुलूप लागलं, ताबा मिळाला. तुमच्याकडे पाहुणं कोण आलं, ते माझ्या कामात येत नाही."

मग राजारामरावांच्या हातून खरी चूक झाली. गोंधळून ते म्हणाले, "पण... किती दिवस?"

"आँ!" असा आवाज सगळ्या गॅलरीतून निघाला. खालून पहिल्या मजल्यावरून कमळाबाईंचा आवाज आला, "अहो! पाहुण्याला असं विचारतात का? वर उभ्या काय करतायत त्या, खाली आणा त्यांना. चहा टाकलाय."

ट्रंक पहिल्या मजल्यावर गेली.

दोन दिवस बाई मानकरांच्या पाहुण्या होत्या. बसता येत नव्हतं, हे मी सांगितलंच आहे. पहिल्या दिवशी त्यांनी घरातली पितळी भांडी घासली. दुसऱ्या दिवशी माळा झाडून काढला, स्वयंपाकिणीशी मिठावरून भांडल्या, जावई बसला होता त्या खुर्चीखालून सतरंजी ओढून झटकायला नेली. तिसऱ्या दिवशी कमळाबाईंनी नवऱ्यापुढे हात जोडले. "मागची वखार द्या यांना. तुमच्या समितीचे बांबू आणि फलक आता कशाला हवेत? महाराष्ट्र आला ना? नाहीतर माझं घर राहत नाही."

"पण भाडं?"

"पाहुणीकडून?"

राजारामरावांनी वकील मित्राला विचारलं. तो पोट धरून हसला. भाडं नाही म्हणजे भाडेकरू नाही. भाडेकरू नाही तर पोटभाडेकरू कुठला? पाहुणीकडे पाहुणे आले तर त्याला कलमच नाही.

एक मेच्या संध्याकाळी मी जिन्यात उभी होते. सगळ्या गल्लीत दिवे, ढोल, कोणाला कोणाचं ऐकू येत नव्हतं. राजारामराव खांद्यावर शेला टाकून, गळ्यात हार घालून मिरवणुकीतून परत येत होते. त्याच वेळी एक माणूस वळकटी घेऊन तिसऱ्या मजल्यावरून खाली आला. सावंतवाडीचा. कुलूप बघून रडकुंडीला आलेला. त्यानं राजारामरावांना हात जोडले. "भाऊ, इथे एक बाई वळकटीवाल्यांना ठेवून घेतात म्हणे. गेल्या का हो?"

राजारामराव थांबले. माझ्याकडे बघितलं, मी माळेतला एक दिवा बघत राहिले.

"गेल्या नाहीत," ते म्हणाले. "इथून खाली उतरा, मागच्या अंगाला वखार आहे." तो वळला, तसे मागून ओरडले, "अहो, वहाणा हातात घ्या! नाहीतर बोलतील."